कडं तसंच ठेवलं, मग ऑपरेशन कशाचं केलं?

प्रश्न थोडक्यात असा: आमची मुलगी अकरा दिवसांची आहे. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या पोटात दोन फुगे दिसतात आणि गर्भजल जास्त आहे असं सांगितलं होतं. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. कागदावर ‘अ‍ॅन्युलर पॅन्क्रियाज’ लिहिलंय. सर्जन म्हणाले, स्वादुपिंडाचं कडं आतड्याभोवती होतं, पण ते कापलं नाही, तसंच ठेवलं. मग ऑपरेशन कशाचं झालं? ते कडं पुढे वाढणार नाही का? मुलीला डायबेटिस होईल का? गुणसूत्रांची तपासणी कशासाठी सांगितली? पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी नॉर्मल होती, तेव्हा हे दिसलं कसं नाही? आणि घरात आई सारखी ग्रहणाचं काढतेय, तिला काय सांगू?

उत्तर:

तुमच्या सर्जननी कडं कापलं नाही हे बरोबरच केलं. इथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या निम्म्या शंका याच एका गोष्टीला लागून आहेत. बावीस वर्षं मी नवजात बाळांची ऑपरेशनं करतेय आणि या आजाराचं बाळ आलं की हा प्रश्न ठरलेला. एका आजींनी तर वॉर्डात सगळ्यांसमोर विचारलं होतं, “आवळणारं कडं तसंच ठेवलंत, मग एवढ्याशा लेकराचं पोट फाडलंत कशाला?” प्रश्न रोखठोक होता, आणि अगदी बरोबरही होता.

आधी हे कडं येतं कुठून ते बघू. स्वादुपिंड म्हणजे पॅन्क्रियाज हा अवयव एका तुकड्यात घडत नाही. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना, म्हणजे दिवस गेल्याचं आईला जेमतेम कळलेलं असतं तेव्हा, पुढे ज्याचं ड्युओडेनम होणार त्या नळीला दोन कोंब फुटतात. ड्युओडेनम म्हणजे जठर संपल्यावर सुरू होणारा आतड्याचा पहिला भाग, शाळेच्या पुस्तकातलं आद्यांत्र. एक कोंब पाठीच्या बाजूने फुटतो, तो मोठा. दुसरा पोटाच्या बाजूने, तो लहान, आणि पित्तनळीच्या मुळाशीच उगवलेला. पुढच्या दोनेक आठवड्यांत ड्युओडेनम स्वतःभोवती वळतं आणि त्याच्याबरोबर हा लहान कोंब उजवीकडून मागे फिरत जाऊन मोठ्या कोंबाला खालून चिकटतो. दोन्ही एकजीव होतात, आतल्या नळ्या एकमेकींना मिळतात. सातव्या आठवड्याच्या आसपास हे सगळं उरकलेलं असतं. तेव्हा अख्खा गर्भ भिजवलेल्या राजम्याच्या दाण्याएवढा असतो.

क्वचित लहान कोंबाचं टोक जागच्या जागी चिकटून बसतं. मूळ फिरतं, टोक मागेच राहतं. मग तो कोंब पट्टीसारखा ताणला जातो आणि ड्युओडेनमला वेढा घालून बसतो. लेको या संशोधकांनी 1910 मध्ये मांडलेली ही उपपत्ती आजही सगळ्यात जास्त मान्य आहे. लहान कोंब मुळात जोडीने उगवतात आणि त्यातला डावा नाहीसा व्हायच्या ऐवजी टिकून राहतो, अशीही एक उपपत्ती आहे. तुमच्यासाठी दोन्हींचा अर्थ एकच: जे काही झालं ते पहिल्या दोन महिन्यांत, आणि कोणाच्या खाण्यापिण्याने, उठण्याबसण्याने ते झालेलं नाही. तुमच्या आईंना हेच सांगा. तारीख काढून दाखवा हवं तर. सुनेने ग्रहणात विळी हातात धरली की नाही याचा वाद घालण्यापेक्षा हे सोपं पडतं. बाळाच्या आईच्या कानावर हे बोलणं दिवसातून चार वेळा पडत असेल, तर ते आजच थांबवा. तिला आत्ता दर तीन तासांनी दूध काढायचंय, आणि रडून रडून दूध आटतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आजार नवा नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ टीडेमान यांनी 1818 मध्ये शवविच्छेदनात असं स्वादुपिंड पाहून त्याचं वर्णन लिहिलं आणि 1862 मध्ये एकर यांनी त्याला ‘अ‍ॅन्युलर’ म्हणजे वलयाकार हे नाव दिलं. सर्जन विदाल यांनी 1905 मध्ये अशा एका नवजात बाळाचं ऑपरेशन यशस्वी केलं तेव्हा त्यांनीही कड्याला हात लावला नव्हता. जठर थेट पुढच्या आतड्याला जोडून त्यांनी वाट काढली. मधल्या काळात काही सर्जननी कडं कापून पाहिलं. जे शिकायचं ते त्या प्रयोगांतून शिकून झालं.

आता पोट उघडल्यावर काय दिसतं ते सांगते, म्हणजे कारण आपोआप कळेल. उजव्या बरगडीखाली आडवा छेद घेतला की आधी यकृताची कड दिसते, बाळांचं यकृत मोठं असतं. ते हळूच वर धरलं की फुगलेलं जठर, आणि त्याच्या पुढे तितकंच फुगलेलं ड्युओडेनम, लिंबाएवढं, भिंती जाड झालेल्या. पुढे एकदम कंबर आवळावी तसं ते निमुळतं होतं, आणि त्या जागी गुलाबी-पिवळसर, बारीक रवाळ पोताची पट्टी आडवी पसरलेली. तेच कडं. खाली उरलेलं आतडं रिकामं, पेन्सिलीपेक्षाही बारीक. पहिल्यांदा पाहणाऱ्या कुठल्याही निवासी डॉक्टरचा हात कात्रीकडे जातो. माझाही गेला होता. माझ्या सरांनी चिमट्याने मनगटावर टकटक केली आणि म्हणाले, “ते दिसतं तसं नाहीये.”

दिसतं तसं का नाही? एकतर कड्याने वेढलेलं ड्युओडेनम बहुतेक वेळा स्वतःच अरुंद असतं, कधी आतून पूर्ण बंदच असतं, कधी आत पडदा असतो. कडं हे बऱ्याचदा अडथळ्याचं कारण नसून, त्या जागी आतड्याची घडण अर्धवट राहिली याची खूण असते. कडं सोडवलं तरी आतली वाट बंद ती बंदच. दुसरं म्हणजे कडं आतड्यावर बांगडीसारखं सुटं बसलेलं नसतं. स्वादुपिंडाचा भाग ड्युओडेनमच्या भिंतीत, स्नायूंच्या थरात शिरलेला असतो. सोलायला गेलं तर आतडं फाटतं. आणि तिसरं, जे सगळ्यात महागात पडतं, ते म्हणजे त्या पट्टीच्या पोटात स्वादुपिंडाची स्वतःची नळी असते. ती कापली गेली की पाचकरस पोटात झिरपायला लागतो. हा रस मांस पचवायलाच बनलेला आहे. तीन किलोच्या बाळाच्या पोटात तो मोकळा सुटला की टाके टिकत नाहीत, जखम भरत नाही, आठवडेच्या आठवडे गळती चालू राहते. म्हणजे कडं कापून अडथळा जायची खात्री नाही आणि नवं संकट मात्र हमखास.

म्हणून आम्ही बाह्यवळण काढतो. घाटात दरड कोसळली की ती जागची हलवायच्या नादाला न लागता वरचा रस्ता खालच्या रस्त्याला जोडून द्यावा, तसं. कड्याच्या वरचं फुगलेलं ड्युओडेनम आणि कड्याच्या खालचं बारीक ड्युओडेनम, दोन्ही जवळ आणून एकमेकांना शिवायचं. कडं मागे, जागच्या जागी, न दुखावता राहतं. वरच्या भागावर छेद आडवा घ्यायचा, खालच्यावर उभा, आणि असे टाके घ्यायचे की जोड आपोआप हिऱ्याच्या आकारात उघडा राहील. ही पद्धत जपानचे सर्जन केन किमुरा यांनी 1977 मध्ये सांगितली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. टाके केसाएवढ्या बारीक धाग्याचे. तुमच्या कागदावर ‘ड्युओडेनो-ड्युओडेनोस्टॉमी’ असा लांबलचक शब्द असेल, तो याचाच.

जोडण्याआधी आणखी दोन-तीन गोष्टी तपासाव्या लागतात. आतडी पोटात नीट वळून बसली आहेत ना, हे पाहायचं. या बाळांत ती कधी कधी उलटसुलट बसलेली असतात आणि तशीच राहिली तर पुढे पीळ पडू शकतो. खालच्या आतड्यात बारीक नळी घालून सलाईन सोडायचं आणि पुढे कुठे दुसरा अडथळा नाही याची खात्री करायची. पित्ताचं तोंड नेमकं याच भागात उघडतं, ते टाक्यात सापडू नये म्हणून पित्ताशय हळूच दाबून पित्ताचा हिरवा थेंब कुठून येतो ते बघायचं. त्या एका थेंबासाठी पाच मिनिटं थांबावं लागलं तरी मी थांबते.

कडं पुढे वाढेल का? वाढेल, मुलीबरोबर तिच्या बाकीच्या अवयवांसारखं. पण तिचं जेवण आता त्या वाटेने जातच नाही, आणि जो नवा जोड आहे तोही तिच्याबरोबर मोठा होत जातो. एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल: असं कडं घेऊन अख्खं आयुष्य काढणारी माणसंही असतात. कडं अपुरं असतं किंवा सैल असतं, आतडं पुरेसं उघडं असतं. चाळिशीत कोणी दुसऱ्याच कारणाने सीटी स्कॅन करतं आणि रिपोर्टमध्ये हे नाव येतं. काहीच त्रास नसेल तर काहीच करायचं नसतं. काहींना मात्र मोठेपणी जेवल्यावर पोट फुगणं, उलट्या, अल्सर किंवा स्वादुपिंडाला सूज असा त्रास होतो, मग एमआरसीपी, म्हणजे एमआरआयचाच एक प्रकार, करून नळ्यांचा नकाशा काढतात आणि गरज पडली तर त्यांनाही बाह्यवळणच काढून देतात.

डायबेटिसचं भय घालवा. तुमच्या मुलीचं स्वादुपिंड पूर्ण आहे, फक्त त्याचा एक भाग वेगळ्या जागी बसला आहे. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शाबूत आहेत, पाचकरसही येतोय. कडं कापलं नाही याचा हा आणखी एक फायदा. स्वादुपिंड तयारच न होणं हा वेगळा आणि फार दुर्मिळ आजार आहे, त्यात बाळांना जन्मापासून इन्सुलिन लागतं. इंटरनेटवर शोधताना हे दोन एकत्र वाचले जातात आणि आईबापांची झोप उडते.

आता सोनोग्राफीचं. पाचव्या महिन्यात दिसलं नाही म्हणून कोणी हयगय केली असं लगेच धरू नका. गर्भ पोटात गर्भजल पितो आणि लघवीवाटे परत सोडतो, असं त्या पाण्याचं चक्र चालू असतं. शेवटच्या महिन्यांत तो दिवसाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त पितो. वाट बंद असेल तर पाणी पुढे जात नाही, जठर आणि ड्युओडेनम फुगतात, सोनोग्राफीत दोन काळे फुगे शेजारी शेजारी दिसतात, आणि न रिचवलेलं पाणी बाहेर साचून गर्भजल वाढतं. पण अठराव्या-विसाव्या आठवड्यात बाळ पितंच थोडं. फुगा दिसण्याइतका फुगलेलाच नसतो. त्यामुळे अ‍ॅनोमली स्कॅन, म्हणजे पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी, नॉर्मल आणि आठव्या महिन्यात दोन फुगे, ही गोष्ट आम्ही नेहमी पाहतो. शिवाय सोनोग्राफीत फक्त अडथळा कळतो. तो कड्यामुळे, पडद्यामुळे की आतडं तुटल्यामुळे, हे बरेचदा पोट उघडल्यावरच कळतं.

तुमचं नशीब चांगलं की आधी कळलं. ज्यांचं कळत नाही त्यांची बाळं हिरवी उलटी करत येतात. पोपटी, गडद हिरवी. आणि हमखास कोणीतरी म्हटलेलं असतं की “पोटातलं पाणी प्यायलंय, टाकू दे, दोन दिवसांत थांबेल.” एक बाळ माझ्याकडे पाचव्या दिवशी आलं होतं, टाळू खोल गेलेली, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहणारी. ज्या ठिकाणाहून आलं होतं तिथे घुटी बदलून बघा असं सांगितलं गेलं होतं. वाचलं ते, पण आधी दीड दिवस नुसतं पाणी आणि क्षार भरून काढण्यात गेला, ऑपरेशन त्यानंतर. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते: नवजात बाळाची हिरवी उलटी ही सर्जनने बघायची गोष्ट आहे, त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री. आणि अडथळा पित्ताच्या तोंडाच्या वर असेल तर उलटी हिरवी नसतेही, पांढरीच असते, पण प्रत्येक दुधाला होते.

गुणसूत्रांची तपासणी सांगितली आहे ती करून घ्या. ड्युओडेनमचा जन्मजात अडथळा असलेल्या बाळांपैकी साधारण एक तृतीयांश बाळांना डाऊन सिंड्रोम असतो, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त. चेहऱ्यावरून नवजात बाळात दर वेळी ओळखता येत नाही. म्हणून बाळ कसंही दिसत असलं तरी आम्ही कॅरिओटाइपला, म्हणजे याच तपासणीला, रक्त पाठवतोच. हृदयाची टूडी इको झालेली नसेल तर तीही. या बाळांत हृदयात दोष सापडण्याचं प्रमाण इतर बाळांपेक्षा जास्त आहे. रिपोर्ट यायला दिवस लागतात, तोवर आपापसात अंदाज बांधत बसू नका. तो काहीही आला तरी आतड्याचं जे ऑपरेशन झालं ते तेच आणि तसंच करायचं होतं. पुढच्या बाळाचं म्हणाल तर हा आजार घराण्यात चालत येतो अशी उदाहरणं तुरळक आहेत. गुणसूत्रांचा रिपोर्ट हातात आल्यावर मात्र जनुकीय सल्लागाराला एकदा भेटा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आत्ता रोज सकाळी एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, काचेपाशी उभे राहून तुम्ही काय बघत असाल ते मला माहीत आहे: नाकातल्या नळीला लावलेली पिशवी. ती हिरवी आहे म्हणून घाबरू नका. फुगून फुगून ड्युओडेनमची ताकद गेलेली असते, जोड उघडा असला तरी ते ढकलायला विसरलेलं असतं. पहिले चार-पाच दिवस हिरवं येतं, मग पिवळसर, मग पाण्यासारखं, मग पिशवीत नुसती ओल. कोणाचं हे सहाव्या दिवशी होतं, कोणाचं पंधराव्या. तोवर शिरेतून पोषण चालू राहतं, किंवा जोडाच्या पलीकडे नेलेल्या बारीक नळीतून दूध. पहिलं दूध दोन-तीन मिलिलिटर असतं, चमचाभरही नाही. त्यासाठी आईचं दूध काढून साठवून ठेवा. त्या दिवशी आईच्या हातूनच ते सिरिंजमध्ये भरायला लावते मी. बाळाने ते जिरवलं आणि चार तासांनी नळी ओढून पाहिली तर कोरडी, याच्याइतकं समाधान मला चांगल्या टाक्यांनीही मिळत नाही.

अकराव्या दिवशी अजून नळी असेल तर तो उशीर नाही. तीन आठवडे होऊनही हिरवंच येत असेल, तर सर्जन रंगीत औषध देऊन एक्स-रे काढतील आणि जोडातून ते पुढे जातंय का बघतील. बहुतेक वेळा जातच असतं, फक्त रेंगाळत. पुन्हा ऑपरेशन क्वचित लागतं. दुसरा मोठा दोष नसेल तर अशी शंभरात नव्वदहून अधिक बाळं चांगली होऊन घरी जातात.

खर्चाचं अजून बघितलं नसेल तर, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात तिचे आरोग्यमित्र बसतात, त्यांना आजच भेटा. रेशनकार्ड आणि बाळाच्या जन्माचा दाखला लागेल. डिस्चार्जच्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा आत्ताच.

घरी गेल्यावर ती इतर बाळांसारखीच वाढेल. लसी ठरलेल्या वेळी, सहा महिन्यांनी वरण-भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, सगळं. पहिलं वर्ष ती जरा जास्त दूध ओकेल, खांद्यावर घेऊन ढेकर काढायला वेळ द्या. वजन दर महिन्याला एकाच काट्यावर करा. पोटावर एकदा छेद गेला की आतडी आत चिकटण्याची शक्यता आयुष्यभर थोडी राहते. त्यामुळे ती पाच वर्षांची असो की पंधरा, हिरवी उलटी, पोट टम्म आणि शी बंद असं झालं तर गावातल्या डॉक्टरांना आधी ऑपरेशनची चिठ्ठी दाखवा, मग बाकी सांगा. चिठ्ठीत सर्जननी कड्याचं आणि जोडाचं चित्र काढून दिलेलं नसेल तर मागून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. पुढे कधी कोणी एंडोस्कोपी किंवा सीटी केला तर त्यांना हा वेगळाच रस्ता बघून कोड्यात पडावं लागणार नाही. चिठ्ठीचा फोटो तुमच्या आणि बाळाच्या आईच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये राहू द्या.